इंजिनाला अस्तर

भावजी,

तुमच्या नव्या शेजाऱ्यांना तुम्ही गाडीची जी गोष्ट सांगत सुटला आहात ती माझ्या कानावर आली. तुमच्या बायकोनंच फोनवर सांगितली, हसू दाबत. म्हणे गाडीचं सगळं वायरिंग तुम्ही एकहाती बदललं आणि पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. पहिल्याच? वय झालं की माणसानं थोडं विसरावं, पण इतकं सोयीस्कर विसरू नये. म्हणून खरी हकीकत लिहून काढते आहे. तुम्हाला उद्देशून लिहीत गेले तर दर ओळीला तुम्ही मधे तोंड घालणार, हे मला बसल्या जागी ऐकू येतंय. तेव्हा इथून पुढं तुम्ही नुसते 'शिंपी' आणि मी नुसती 'वहिनी'. गप्प बसून वाचा.

तर हा शिंपी कोटांचा. शर्ट-पायजमे शिवायला त्यानं कधी नाही म्हटलं नाही, पण ते पोटासाठी. जीव सगळा कोटात. कोणी दुसऱ्याकडचा कोट दुरुस्तीला आणला की हा आधी तो उलटा करायचा आणि आतली शिवण बघून तोंड वाकडं करायचा. बाहेरून काय, इस्त्री मारली की कुठलाही कोट शहाणा दिसतो, असं त्याचं मत. त्याच्या हातचा कोट उलटा घालून बाजारात गेलात तरी कोणी वळून बघितलं नसतं, इतकं त्याचं अस्तर नेटकं. वेळ मात्र विचारायची सोय नव्हती. एका गिऱ्हाइकाचं पोट कोट तयार होईतो दोन बोटं पुढं आलं, आणि तो गृहस्थ शेवटपर्यंत शिंप्याच्या मापालाच नावं ठेवत राहिला.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची. लांब नाकाची, गोल डोळ्यांची, घेतली तेव्हाच म्हातारी. थोरल्यांना नवनवीन वस्तू गाडीत बसवण्याचा नाद होता. जिथं जे दिसेल ते आणायचे आणि बॉनेट उघडून कुठंतरी जोडून टाकायचे. ते गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, मला चालवता येत नाही, विकायला हात धजत नाही, तुमच्या मागच्या शेडमध्ये उभी आहेच, तुमचीच म्हणा. शिंप्यानं तिच्यासाठी जाड कापडाची खोळ शिवली, कडेला गोट लावून. मग कितीतरी वर्षं ती त्या खोळीखाली झोपून होती. अधूनमधून तो खोळ उचलायचा, बघायचा आणि पुन्हा झाकायचा.

मग शिंप्याच्या लेकीचा फोन आला. तिच्या गावी घर मोठं होतं, खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या, तुम्ही दोघं इकडंच या, असं तिनं आईला सांगितलं. आई तयारच होती. शिंपीही तयार होता, दुकान तसंही बंद झालेलं. फक्त त्यानं विचारलं की गाडीचं काय.

बायकोनं निकाल दिला. तिचा आवाज कधी चढत नाही. त्यामुळंच तिच्याशी वाद घालता येत नाही. "महिनाअखेरीला घराच्या किल्ल्या द्यायच्या आहेत. तोवर ती आपल्या पायांनी शेडबाहेर आली तर तिच्यात बसून जाऊ. नाही आली तर ती भंगारात आणि आपण रेल्वेत."

आणि ती नुसती बोलून थांबली नाही. रेल्वेची तिकिटं काढून आणली. भंगारवाल्याला बोलावून गाडी दाखवली. त्यानं बॉनेटवर टिचक्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि पत्रा चांगला आहे म्हणाला. शिंप्याला ते 'पत्रा' इतकं लागलं की त्या माणसाला चहा देतानाही त्यानं त्याच्याकडं बघितलं नाही.

इंजिनाची तक्रार नव्हती. जाणकाराला आणून ते तपासून घेतलं होतं. खोट होती विजेत. वीज तयार करणाऱ्या जुन्या डायनॅमोला सगळं एकदम झेपत नसे. दिवे लावले की वायपर झोपायचा, वायपर चालवला की दिवे मिणमिणायचे, आणि थांब्यावर उभं राहिलं की दोन्ही. जायचा रस्ता घाटाचा. बायकोनं दुसरी अट घातली की दिवे आणि वायपर एकाच वेळी चालले पाहिजेत, मी आंधळ्या गाडीत बसणार नाही. म्हणजे डायनॅमो काढून जास्त वीज देणारा अल्टरनेटर, नवीन फ्यूजची पेटी, नवीन वायरी, सगळंच आलं.

गॅरेजवाला बॉनेट उघडून बराच वेळ नुसता बघत राहिला. आत वायरींचा गुंता होता आणि सगळ्यांचे रंग उडून एकच तपकिरी झालेला. तो म्हणाला की नवं बसवणं अवघड नाही, पण आधी यातली कुठली वस्तू कशाची ते ओळखायला लागेल, काय काढायचं आणि काय ठेवायचं ते ठरवायला लागेल, आणि एवढा वेळ त्याच्याकडं पुढचे दोन महिने नाही. जाता जाता म्हणाला, "काका, तुमच्या भावानं गाडी चालवली की पाळली?"

शिंपी परत आला तो थेट वहिनींच्या दारात. वहिनींची पदवी विज्ञानाची. सगळा अभ्यास झाडापानांचा झालेला असला तरी विज्ञान ते विज्ञान, असं शिंप्याला वाटलं, आणि वहिनींनीही ते खोडून काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी स्टूल घेऊन शेडमध्ये हजर.

शिंप्यानं एक नियम घातला. वायर डोळ्यांनी बघून ओळखायची नाही. एका टोकाला बोट ठेवायचं आणि दुसरं टोक लागेपर्यंत उचलायचं नाही. बोट पोचलं की त्या वायरीला एका रंगाच्या दोऱ्याचे कच्चे टाके, दोन्ही टोकांना सारखे. लाल दोरा बॅटरीकडून येणाऱ्यांना, हिरवा दिव्यांना, पिवळा हॉर्नला. आणि प्रत्येक डबीच्या भोवती शिंपीखडूनं रेघ, म्हणजे ती काढल्यावरही तिची जागा कळावी. हे सगळं होईपर्यंत कात्री खिशातच ठेवायची. कापड बेतल्याशिवाय कापत नाहीत तसं.

बॅटरी ओळखण्यात काही शहाणपण नव्हतं. तिच्यापासून निघालेली जाड वायर एका गोल डबीत शिरत होती आणि तिथून तशीच जाड वायर खाली सेल्फकडं, म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणाऱ्या मोटरकडं, जात होती. किल्ली फिरवली की डबी टक् करायची. ती सेल्फचा दरवान. पुढं एक उभा पत्र्याचा डबा, डोक्यातून काळी जाड वायर निघालेली. ती कॉइल. वहिनींनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं, कारण तिच्या कानात बारा व्होल्ट सांगितले की ती बाहेर हजारो करून सांगते. तिची वायर जायची डिस्ट्रिब्यूटरमध्ये. तो वाढपी, चारही प्लगांना एकेक करून वाढणारा, कोणाला आधी नाही, कोणाला नंतर नाही.

एक काळी चौकोनी पेटी दोघांना दोन दिवस पुरली. झाकण काढलं तर आत दोन छोटी गुंडाळलेली रिळं आणि बारीक पट्ट्या. बोट फिरवत गेल्यावर कळलं की तिची एक वायर डायनॅमोकडं आणि एक बॅटरीकडं. म्हणजे हा कटआऊट. डायनॅमो कमावतो त्यातलं बॅटरीला किती द्यायचं हे ही पेटी ठरवते आणि दिलेलं मागं जाऊ देत नाही.

"म्हणजे सासूबाई," वहिनी म्हणाल्या.

"माझ्या आईला मधे आणू नका," शिंपी म्हणाला.

"मी नाव घेतलं का? तुम्हीच ओळखलंत."

अल्टरनेटर आला की या पेटीला काम उरणार नव्हतं, त्याचा हिशेब त्याच्या पोटातच असतो. तेव्हा सासूबाईंना निवृत्त करायचं ठरलं. शिंप्यानं त्या पुसून कापडात गुंडाळून ठेवल्या, हे सांगायला हवं.

आणि एक चकचकीत डबी होती, मागं पंखांसारख्या पट्ट्या, तीन वायरी. तिच्यापुढं शिंपी अगदी हरला. एक वायर कॉइलच्या मागं जाऊन संपत होती, कशाला न जोडलेली. दुसरी तशीच. तिसरी परत डबीतच. वहिनी जरा वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांना आठवलं. थोरल्यांनी ही कुठल्याशा रस्त्यावरच्या टेबलावरून आणली होती, पेट्रोल वाचवते म्हणून. तेव्हापासून ते प्रत्येक पाहुण्याला बॉनेट उघडून दाखवायचे आणि किती वाचतं त्याचा आकडाही सांगायचे. डबी सगळा वेळ नुसती बसून होती. दोघं इतके हसले की बायको हात पुसत बाहेर आली. तिला सांगितल्यावर ती म्हणाली की घरातही काही जण असेच बसवलेले असतात, आणि आत गेली.

राहता राहिली एक पट्टी. तांब्याच्या बारीक तारांची, वेणीसारखी विणलेली, चपटी. एक टोक इंजिनाला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. वरून काळी, तेलकट. तिला कुठली वायर येत नव्हती, तिच्यातून कुठली जात नव्हती, कुठल्या डबीशी तिचा संबंध नव्हता. वहिनींनी विचार करून सांगितलं की इंजिन रबरावर बसलेलं आहे, फार हलू नये म्हणून आवळून ठेवलं असणार. शिंप्याला ते लगेच पटलं. "नाडी," तो म्हणाला. तिला दोराही बांधला नाही, खडूही लावला नाही. विजेच्या वस्तूंत तिची गणतीच झाली नाही.

मग जुनं सगळं निघालं आणि शिंप्याचा खरा स्वभाव वर आला. रिकाम्या जागेतला गंज त्याला बघवेना. त्यानं सगळं घासलं आणि रंग दिला. एक हात नाही, दोन हात. भोकांच्या आतूनसुद्धा दिला, बारीक कुंच्यानं. वाळल्यावर ते असं चमकायला लागलं की त्याच्यावर लोखंडी पायाची डबी ठेवून स्क्रू आवळायची त्याची छाती होईना. ओरखडा पडेल, वर गाडी धावताना खडखडेल. घरात कोटाच्या कॉलरीखाली घालायचा जाड फेल्ट उरलेला होता. शिंप्यानं प्रत्येक वस्तूच्या पायाच्या मापाचा तुकडा बेतला, कडा कातरल्या, आणि प्रत्येकीखाली एक एक घातला. दिव्यांची वीज चालू-बंद करणाऱ्या नव्या रिलेखाली, हॉर्नखाली, सेल्फच्या दरवानाखाली, दोन्ही दिव्यांच्या वाट्यांखाली. स्क्रूच्या डोक्यांनाही फेल्टच्या चकत्या. नाडीला साफ करून रंग दिला, तिच्याही दोन्ही टोकांखाली फेल्ट. वायरी सगळ्या कापडी पट्टीनं गुंडाळलेल्या, वळणावर वळण, कुठं सुरकुती नाही.

वहिनींनी ते बघून खरंच वाहवा केली. इतकं देखणं काम त्यांनी बघितलं नव्हतं. कुठल्याही कंपनीनं इंजिनाला अस्तर लावलेलं नसेल, असं त्या म्हणाल्या, आणि शिंपी लाजला.

किल्ली फिरवायच्या दिवशी बायकोही येऊन उभी राहिली. शिंप्यानं स्वच्छ शर्ट घातला होता. त्यानं किल्ली फिरवली.

काही झालं नाही. टक् सुद्धा नाही. पुन्हा फिरवली. हॉर्न दाबला, मुका. दिव्यांचं बटण ओढलं, दोन्ही डोळे मिटलेले. गाडीच्या आतला छतावरचा छोटा दिवा तेवढा लागला. म्हणजे बॅटरी जिवंत होती. बायकोनं शिंप्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आत जाऊन भांडी कागदात गुंडाळायला लागली. टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. दोघांनी प्रत्येक वायरीवरून पुन्हा बोट फिरवलं. लाल लालला, हिरवा हिरव्याला, सगळं जिथल्या तिथं. फ्यूज धड होते. प्रत्येक वस्तूच्या उंबऱ्यापर्यंत वीज येत होती, हे गॅरेजवाल्याकडून आणलेल्या तपासणीच्या दिव्यानं दिसत होतं. त्या दिव्याचा चिमटा बॅटरीलाच लावा असं त्यानं सांगितलं होतं, म्हणून ते बिनबोभाट दिसलं. येत होती आणि उंबऱ्यावर नुसती उभी राहत होती. वहिनी म्हणायला लागल्या की अल्टरनेटरच सदोष असणार, दुकानदारानं गळ्यात मारला. शिंपी म्हणायला लागला की आपल्याकडूनच काहीतरी ओळखायचं राहिलं. दोघांचं थोडं वाजलंही. वहिनी दोन दिवस आल्या नाहीत. भंगारवाला मात्र एकदा येऊन, कधी उचलायची ते विचारून गेला.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा शिंपी गाडीच्या नाकासमोर उकिडवा बसला होता, आणि दिव्यांचं बटण तपासणीपासून ओढलेलंच राहिलं होतं. डाव्या दिव्याजवळ कापडी पट्टीचा एक धागा सुटलेला त्याला दिसला होता. गाडी उद्या भंगारात जाणार असली तरी धागा लोंबता ठेवायचा नाही, हा त्याचा स्वभाव. त्यानं आपली लांब पोलादी कात्री काढली. धाग्यापर्यंत पोचायला ती तिरकी घातली, एक पातं दिव्याच्या पत्र्याच्या वाटीला टेकलं आणि दुसरं खालच्या बंपरच्या उघड्या बोल्टला.

दिवा भक्कन पेटला, थेट त्याच्या डोळ्यांत.

दचकून त्यानं कात्री मागं घेतली. दिवा विझला. तो डोळे चोळत बसला. मग कात्री पुन्हा तशीच लावली. पेटला. काढली. विझला. वहिनी दारातून बघत होत्या. त्याचं हे पाच-सहा वेळा चाललं तेव्हा त्यांना वाटलं की काळजीनं भावजींचं डोकं फिरलं.

"वहिनी," तो न वळता म्हणाला, "वाटीखाली काय आहे?"

"फेल्ट."

"आणि बोल्टखाली?"

"काही नाही. तो तर गाडीचाच आहे."

मग दोघांनाही एकदम दिसलं. बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला आवळलेली होती. ती तिथं का, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. वीज वायरीतून येते आणि परत जाते ती गाडीच्या अंगातून. प्रत्येक डबीचा लोखंडी पाय म्हणजे तिचा परतीचा रस्ता. शिंप्यानं प्रत्येक पायाखाली गादी घातली होती. एवढ्या निगुतीनं घातली होती की वीज जाईल अशी सुईच्या टोकाएवढी फटसुद्धा राहू दिली नव्हती.

वहिनी खाली वाकल्या आणि इंजिनाच्या बाजूला बोट दाखवलं. इंजिन रबरावर बसलेलं. म्हणजे सेल्फची, प्लगांची, अल्टरनेटरची, सगळ्यांची परत यायची वाट एकच, ती विणलेली पट्टी.

"नाडी नाही हो ती," शिंपी म्हणाला. "आणि मी तिला अस्तर लावलं."

त्या दुपारी उसवण्याचं काम झालं. शिवणं येतं त्याला शिंपी म्हणत नाहीत, उसवणं येतं त्याला म्हणतात, असं तो गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवायचा. आता त्याच्यावर पाळी आली. एकेक स्क्रू काढून तो फेल्ट ओढायचा आणि खालचा आपल्या हातानं दिलेला रंग पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडायचा. प्रत्येक वेळी चेहरा असा की जणू कोणाच्या नव्या कोटाला भोक पाडतोय. हॉर्नखालचा तुकडा ठेवला तर चालेल का, असं त्यानं एकदा विचारलं. वहिनींनी नुसतं बघितलं. त्यानं तोही काढला.

आणि आता तुमची ती पहिली किल्ली. पहिल्या किल्लीला सेल्फ फिरला आणि इंजिन नुसतं खाकरलं. दुसरीला शिंकलं. मधे शिंप्यानं खाली उतरून प्लगांच्या वायरी दाबून बघितल्या, त्यातली एक नीट बसलेली नव्हती. त्यानंतर कुठं ते लागलं. शेड धुरानं भरलं, दोघं खोकत बाहेर आले. बायको पीठ माखलेल्या हातांनी मागच्या दारात उभी होती. तिनं कौतुक केलं नाही.

"दिवे लावा," ती म्हणाली. लावले. "आता वायपर." तोही. ती काचेपुढं उभी राहून वायपर किती वेळा येतो-जातो ते बघत राहिली, दिव्यांकडं डोळे बारीक करून बघितलं, मग आत गेली. आतून तिचा लेकीशी बोलण्याचा आवाज आला. तिकिटं परत करायची कशी ते विचारत होती. शिंपी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता आणि इंजिन बंद करायला तयार नव्हता.

भंगारवाल्याला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं, आणि या वेळी चहाही त्याच्याकडं बघून पाजला.

निघायच्या आधीच्या आठवड्यात शिंपी वहिनींना रोज एक फेरी मारून आणायचा, घाटाची तालीम म्हणून. गाडीला उजवीकडचा आरसा होता, डावीकडचा कधीच नव्हता. एकदा पेट्रोल पंपावर काठी टेकत एक गृहस्थ आले, गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडायला लावलं आणि आतलं काम बघून डोळे पुसले. त्यांच्याकडं हेच मॉडेल होतं, कधीच विकलं, पण डाव्या बाजूचा आरसा घरात राहिला आहे. तो घेऊन जा, पैसे नकोत, फक्त आरसा न्यायला हीच गाडी घेऊन या, अंगणात दोन मिनिटं उभी करा. पत्ता त्यांनी तोंडी सांगितला, पाण्याच्या टाकीमागचं हिरव्या दाराचं घर. रविवारी जाऊ, असं शिंप्याचं आणि वहिनींचं ठरलं.

रविवारी सामानाचा टेंपो आला. सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. ती रात्र वहिनींकडं काढून मंगळवारी पहाटे शिंपी आणि त्याची बायको गाडीत बसली. वहिनींनी खिडकीतून वाकून आरशाचं विचारलं तेव्हा बायको म्हणाली की डावीकडं मी बसलेय ना, मागून काय येतंय ते मीच सांगेन, आणि घाटभर तिनं ते सांगितलंही, ट्रक येतोय, बस येतेय, आता काही येत नाही, आता पण काही येत नाही. तिथं पोचल्यावर शिंप्याचा फोन आला तो गाडीनं कुठंच दगा दिला नाही हे सांगायला, आणि शेवटी म्हणाला की वहिनी, पुढच्या खेपेला आलो की आरसा आणायला जाऊ.

पुढच्या खेपेला ते बसनं आले. त्याच्या पुढच्या खेपेला गाडी आणली, पण दोन दिवस पाऊस थांबला नाही आणि तिसऱ्या दिवशी परतायचं होतं. पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यानं वहिनी अधूनमधून जातात. हिरवं दार दिसतं. एकट्या जाऊन आरसा मागायचा तर गाडीशिवाय कशाला आलात म्हणून ते विचारणार. तेव्हा तो आरसा अजून तिथंच आहे, आणि आपण दोघं तो आणायला अजून गेलेलो नाही.